आमचं काही म्हणणं नाही

तासगावच्या ताराबाई भोकरे यांच्या फोनवर सरकारचा निरोप आला : 'आपले मत तटस्थ म्हणून नोंदवण्यात आले आहे. धन्यवाद.' ताराबाईंचं वय एक्याऐंशी. त्यांनी तो स्वतः दोनदा वाचला, शेजारच्या मास्तरांकडून एकदा वाचून घेतला, आणि मास्तरांनी सांगितलेला अर्थ पटला नाही म्हणून सांगलीला वृषालीला फोन लावला. पोटच्या मुलीला, म्हणजे वृषालीबरोबर राहणाऱ्या रेणुकाला, लावला नाही. रेणुका एसटीच्या कार्यशाळेत बसगाड्यांच्या बॅटऱ्यांशी झटत असायची आणि कामावर असताना आईचा फोन आला की 'कोण गेलं?' असं विचारतच उचलायची. शिवाय शब्दांचं दुखणं असेल तर डॉक्टर वृषालीच, हे ताराबाईंनी कधीच ठरवून टाकलं होतं.

"तटस्थ म्हंजे काय गं?"

"कुठल्याच बाजूचं नाही, असं. होही नाही आणि नकोही नाही."

"आगं, मी तर तुमच्या बाजूनं बोलून आले की. चांगली चावडीपतोर चालत गेले."

त्या काय बोलल्या, हे वृषालीनं विचारलं. विचारतानाच तिला उत्तर कळलं असावं, कारण तिनं हातातलं काम बाजूला सारलं.

"म्हटलं, त्या दोघींचं लगीन होत आसंल तर आमचं काय म्हणणं न्हाई," ताराबाई म्हणाल्या.

वृषालीनं त्यांना बघते म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. बघण्यासारखं काही नव्हतं. ते वाक्य कुठल्या ढिगात जाऊन पडतं हे साऱ्या राज्यात तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण तो ढीग तिनंच आखून दिला होता.

कोकणात देवाला कौल लावतात. मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवीकडची पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. सरकारनं आपल्या यंत्राला 'जनकौल' हे नाव दिलं, तेव्हा ते सुचवणारा मनुष्य कोकणातलाच असणार. मतपेटीतून फक्त माणूस निवडून येतो. एखाद्या कायद्याबद्दल लोकांच्या मनात काय आहे ते त्या पेटीतून निघत नाही. म्हणून गावोगावच्या चावडीत एकेक खोली केली. आत जायचं आणि आपल्या बोलीत, मनात असेल ते बोलायचं. यंत्र शब्द तर ऐकतंच, पण आवाजाचा चढउतार, मधला थांबा आणि सोडलेला श्वासही ऐकतं. या सगळ्याचे आकडे करून ते वाक्याला एका अवाढव्य नकाशावर जागा देतं. हा नकाशा लांबी-रुंदीचा नाही, हजारो दिशांचा आहे, आणि सारख्या अर्थाची वाक्यं त्यावर शेजार-शेजारी राहायला येतात, मग ती वऱ्हाडीत बोललेली असोत की अहिराणीत. 'खुशाल करा' हे मायेनं म्हटलेलं एका आळीत, तेच रागानं म्हटलेलं दुसऱ्या आळीत. शेवटी ढीग तीन : संमती, विरोध, तटस्थ.

पण न्यायालयाला नकाशा दाखवून चालत नाही. यंत्रानं अमुकच का ठरवलं, हे साध्या माणसाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे, असा दंडक पडला. म्हणून ज्या बोलण्यांवरून तंटे उभे राहिले, त्यांच्यासाठी यंत्राच्या डोक्यावर पक्के नियम बसवले गेले. एक बोलणं, एक अर्थ, विषय कोणताही असो. विषयागणिक अर्थ बदलायची मुभा दिली, तर जो सत्तेवर येईल तो आपल्या सोयीचा अर्थ लावील, ही भीती अगदी रास्त होती. असे नियम चाळीसच्या आसपास झाले. त्यांतला सतरावा डॉ. वृषाली हिरेमठ यांच्या नावावर होता.

तो लिहिला त्याला चार वर्षं झाली होती. हिंगणमळा आणि शेजारच्या चार गावांचं गायरान एका सौरऊर्जेच्या कंपनीला हवं होतं. धनगरांची मेंढरं पिढ्यानपिढ्या तिथं चरत आलेली. सुनावणी झाली, आणि दहांतली सहा माणसं खोलीत जाऊन म्हणाली, 'आमचं काय म्हणणं न्हाई.' कंपनी म्हणाली, झालं तर, हरकत नाही म्हणजे संमती. मराठीत तसं म्हणतातच. वृषाली तेव्हा यंत्राला बोलीभाषा शिकवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिनं ते आवाज ऐकले आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माना खाली घालून बोललेले आवाज होते ते. ती स्वतःहून न्यायालयात उभी राहिली, पाच दिवस साक्ष दिली आणि सांगितलं की ज्याला म्हणणं मांडायची सवयच ठेवलेली नाही, त्याचं म्हणणं नसणं म्हणजे होकार नव्हे. न्यायाधीशांना ते पटलं. नियम सतरा : 'काही म्हणणं नाही' हे बोलणं संमतीत धरू नये. गायरान वाचलं. हिंगणमळ्याच्या लोकांनी तिला घोंगडी दिली, फेटा बांधला, आणि फेट्यातल्या त्या फोटोवरून रेणुका तिला वर्षभर 'पाटीलसाहेब' म्हणत होती.

आणि आता दोन बायकांना, दोन पुरुषांना कायद्यानं लग्न करू द्यावं की नाही, यावर सगळं राज्य चावडीत जाऊन बोलून आलं होतं. कच्चा हिशेब वृषालीच्या समोर होता. संमती शेहेचाळीस टक्के, विरोध अडतीस, तटस्थ सोळा. कायदा पुढं सरकायला निम्म्याहून जास्त संमती लागत होती. तटस्थांच्या सोळांपैकी नऊ टक्के माणसं एकच वाक्य बोलली होती. ताराबाईंसारख्या लाखो आया आणि बाप, मामा आणि चुलते चावडीवर चालत गेले होते आणि आपल्या परीनं आशीर्वाद देऊन आले होते. शेहेचाळीस आणि नऊ पंचावन्न. हे लग्न लोकांनी मंजूर केलं होतं, आणि वृषालीच्या नियमानं ते फेटाळलं होतं.

पक्का निकाल लागायला सात दिवस होते. तेवढ्या मुदतीत नियम लिहिणाऱ्यानं तो चुकीचा असल्याचं लेखी दिलं, तर तो रद्द होणार होता. दुसऱ्या कुणाच्या अर्जाला किंमत नव्हती. पण नियम रद्द झाला की तो सगळ्यांसाठी, सगळ्या जुन्या निकालांसकट रद्द. हिंगणमळ्याची सहा दशांश माणसं उचलून संमतीच्या ढिगात जाणार आणि गायरानाला कुंपण पडणार. उलट तिनं काही केलं नाही, तर कायद्याप्रमाणे हा विषय वीस वर्षं पुन्हा सुनावणीला येणार नव्हता. वृषाली एकावन्न वर्षांची होती, रेणुका चोपन्नची.

दोघी एकोणीस वर्षं एकत्र राहत होत्या. सोसायटीच्या यादीत त्या 'मैत्रिणी' होत्या, वाण्याकडे 'बहिणी', आणि भावकीच्या लग्नपत्रिकेवर 'कु. रेणुका' एवढंच असायचं. सहा वर्षांपूर्वी कार्यशाळेत बॅटरीनं पेट घेतला आणि रेणुकाचा दंड भाजला, तेव्हा दवाखान्यात वृषालीला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि पुण्याहून तिच्या थोरल्या भावाला बोलावून घेतलं. अकरा वर्षांत त्यानं बहिणीला एक फोन केला नव्हता. उपचारांच्या कागदावर सही त्यानं केली. जाताना वृषालीला म्हणाला, ताई, तुम्हीपण घरी जाऊन आराम करा आता. रेणुका हा प्रसंग सगळ्यांना हसून सांगायची. वृषालीला मात्र अजून तो आठवला की कानशिलं तापायची.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तिनं एक गोष्ट करून पाहिली. नियम बाजूला ठेवून निव्वळ आवाज ऐकला, तर यंत्राला खरा होकार आणि मोडलेला माणूस यांतला फरक कळतो का? कळत असेल तर नवा, बारीक नियम मागता येईल. गायरानही राहील आणि लग्नही होईल. तिनं ताराबाईंचा आवाज घेतला आणि हिंगणमळ्याच्या बिरू हाके नावाच्या म्हाताऱ्या मेंढपाळाचा आवाज घेतला. तो म्हणाला होता, 'सायबांनी ठरवलंच आसंल तर आमचं काय म्हणणं न्हाई.' दोन्ही वाक्यं तिनं यंत्रापुढं ठेवली.

यंत्रानं दोन्ही एकाच घरात बसवली, सख्ख्या भावंडांसारखी. दोघंही 'आमचं'च्या आधी सारखाच वेळ थांबले होते, दोघांचाही आवाज 'न्हाई'वर सारखाच उतरला होता, दोघांनीही शेवटी श्वास सोडला होता. वृषालीनं अशी आणखी चारशे वाक्यं चाळली. कुठंही फरक निघेना. मग तिनं यंत्र बंद केलं आणि डोळे मिटून स्वतःच्या कानांनी ऐकलं. तिलाही सांगता येईना. आयुष्यभर मान तुकवलेला माणूस आनंदानं हो म्हणायला गेला तरी त्याच्या तोंडून तोच सूर निघतो, हे तिला त्या दिवशी कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

तिसऱ्या दिवशी सौरकंपनीचे वकील भेटायला आले. देवव्रत गोसावी हे फार गोड माणूस. कोटाच्या कॉलरला सप्तरंगी फीत लावलेली. त्यांनी सांगितलं की कंपनी पहिल्यापासून या लग्नाच्या कायद्याच्या बाजूनं आहे, कंपनीत अशी कितीतरी जोडपी आहेत, आणि सबंध राज्याचा आनंद एका चुकीच्या नियमापायी अडावा याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं. नियम चुकीचा असल्याचा दाखला त्यांनी टाइप करूनच आणला होता. गायरानाचा शब्दही काढला नाही.

"तुमची फक्त सही, मॅडम," ते म्हणाले. "इतिहास होईल."

वृषालीनं त्यांना चहा दिला आणि विचार करते म्हणून वाटेला लावलं. तो मनुष्य खोटं बोलत नव्हता, हेच तिला जास्त लागलं. लांडगा दारात आला आणि त्याच्या तोंडात आपलंच हरवलेलं कोकरू जिवंत असलं, तर दार लावायचं कसं?

संध्याकाळी नाट्यगृहात जाहीर चर्चा होती. रेणुका कार्यशाळेचा गणवेश न बदलताच आली. व्यासपीठावर नेहमीचीच मंडळी होती. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी संस्कृती रसातळाला जाईल असं सांगितलं; ते गेली तीस वर्षं ती रसातळाला जात असल्याचं सांगत होते. एका प्राध्यापकांनी दोन्ही बाजूंचं इतकं नीट मांडलं की त्यांची बाजू कोणती ते कुणालाच कळलं नाही. एक बाई म्हणाल्या, राहा की सुखानं, कोण अडवतंय, पण 'लग्न' हा शब्द तेवढा आमच्यासाठी सोडा. त्यावर बऱ्यापैकी टाळ्या पडल्या. मग सभागृहातून कुणी बोलणार का, असं विचारलं आणि रेणुका उभी राहिली. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं.

"मला मांडव नको, वरात नको," ती म्हणाली. "मी मेले तर नातेवाईक कोण म्हणून विचारतील. तेव्हा हिनं गर्दीत मागं सरकायला नको. तेवढ्यासाठी कायदा पाहिजे."

ती खाली बसली. टाळ्या फारशा पडल्या नाहीत, पण हसणारा गप्प झाला. बाहेर आल्यावर तिनं वृषालीचा दंड धरला आणि म्हणाली की लोक बदललेत, या वेळी होणार, कार्यशाळेतले ते जुने हेडमेकॅनिकसुद्धा चावडीत जाऊन बोलून आले. काय बोलले, ते वृषालीनं विचारलं नाही. सांगायचं होतं ते त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण रेणुकाचा चेहरा इतका उजळलेला होता की तिच्यानं ते झालं नाही. उद्या सांगू, असं तिनं ठरवलं, आणि असे उद्या दोन गेले.

सहाव्या दिवशी ती एकटीच तासगावला गेली. ताराबाई ओट्यावर बेदाणे निवडत बसल्या होत्या. वृषालीनं परातीच्या दुसऱ्या बाजूला बसून निवडायला घेतलं आणि सरळ विचारलं, "आई, तुम्ही सरळ 'हो' का नाही म्हणालात?"

ताराबाईंना प्रश्नच विचित्र वाटला. "लग्नाच्या बोलण्यात हो कोन म्हणतंय? हो म्हटलं की हावरट दिसतंय. आमचं काय म्हणणं न्हाई, आसंच म्हणायचं आसतंय."

मग काड्या बाजूला करत त्या म्हणाल्या, "माज्या लग्नात बा त्येच म्हणाला. मला कुणी इचारलं न्हाई. पोरीच्या पाठीवर पोरगी नको म्हणाले, तवा बी माजं काय म्हणणं न्हाई. थोरल्यानं वाटणी मागितली, तवा बी न्हाई. जलमभर त्येच म्हणत आले बघ. ह्या येळंला पैल्यांदा मनापास्नं म्हटलं."

वृषालीला रडू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही. ताराबाईंनी काय झालं म्हणून विचारलं नाही; लग्न ठरलं की पोरी रडतातच, अशी त्यांची समजूत. त्यांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि लुगड्याचं ठरवायला पाहिजे, असं काहीतरी बोलू लागल्या.

परतीच्या बसमध्ये वृषालीनं सगळं उलटसुलट करून पाहिलं. ताराबाईंचा होकार खरा होता. पण तो खरा आहे हे जगात फक्त त्यांना आणि तिला ठाऊक होतं. नियम काढला तर बिरू हाकेचं मौनही होकार ठरणार, आणि उद्या कुठल्या धरणाला, कुठल्या खाणीला, कुठल्या पोरीच्या जबरीच्या लग्नाला माना खाली घालणारं प्रत्येक माणूस कायद्यानं राजीखुशीचं होणार. नियम ठेवला तर तिचं आणि रेणुकाचं, आणि त्यांच्यासारख्या हजारोंचं, आयुष्य बाहेरच्या बाकावरच संपणार. तिला स्वतःच्या नियमाचा अभिमान होता, आणि तो इतका महागात पडेल असं तिला कुणी सांगितलं नव्हतं. सांगलीचं स्टँड येईपर्यंत तिचं ठरलं होतं. सातव्या दिवशी पाच वाजता मुदत संपली. वकिलांचा दाखला खणात तसाच राहिला.

निकाल लागला तेव्हा रेणुका कामावर होती. घरी आली ती पिशवी खांद्याला तशीच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. चार टक्क्यांनी गेलं, म्हणाली. वीस वर्षं. म्हणजे मी चौऱ्याहत्तरची. मग ती हसली आणि म्हणाली की एवढी तटस्थ माणसं आली कुठून, आपल्याकडे तर कोपऱ्यावरच्या पानवाल्यालासुद्धा सगळ्यावर मत असतं.

तेव्हा वृषालीनं तिला सगळं सांगितलं. नियम, नऊ टक्के, आईचं वाक्य, गायरान, वकील, सात दिवस. काही हातचं राखलं नाही. सांगून संपल्यावर रेणुकानं पिशवी खाली ठेवली, नळावर हात धुतले, तेलाचे डाग जाईपर्यंत पुष्कळ वेळ धुतले.

"हिंगणमळ्याचं मला कळतंय," ती म्हणाली. "मला विचारलं असतंस तर मी पण बहुतेक हेच म्हटलं असतं. त्यांचं रान घेऊन माझं लग्न नको होतं मला."

"मग..."

"पण विचारलं नाहीस. सात दिवस माझ्याशेजारी जेवलीस, झोपलीस. त्या वकिलाला ठाऊक होतं. मला नव्हतं."

वृषाली म्हणाली की तिला रेणुकाला त्या त्रासात पाडायचं नव्हतं. म्हणाली खरी, पण ते आपल्याच कानाला कसं वाटतंय हे तिला बोलताबोलताच जाणवलं.

रेणुकानं हात पुसले. "हेच म्हणतात सगळे. बाबा आईला हेच म्हणायचे, जमीन विकून आल्यावर." मग तिच्याकडे न बघता, अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, "लग्न काही झालं नाही आपलं, वृषा. पण नवरा मात्र झालीस."

माणसाचं म्हणणं विचारल्याशिवाय धरू नये, म्हणून जी बाई पाच दिवस न्यायालयात उभी राहिली, तिनं आपल्या घरातल्या एका माणसाचं म्हणणं विचारलं नव्हतं, आणि ही चूक कुठल्या यंत्राची नव्हती.

रेणुका भांडली नाही, बॅग भरून निघूनही गेली नाही. चोपन्नाव्या वर्षी कुठं जाणार? तिनं कुकर लावला. तेवढ्यात ताराबाईंचा फोन आला. मास्तरांनी त्यांना निकाल वाचून दाखवला होता. रेणुकानं फोन स्पीकरवर लावून ओट्यावर ठेवला आणि बोलत बोलत कोथिंबीर निवडू लागली, त्यामुळे पलीकडचा आवाज वृषालीलाही ऐकू येत होता. ताराबाई विचारत होत्या की एवढी माणसं चांगलं बोलून आली तरी झालं का नाही, माझंच काही बोलायचं चुकलं का, का मधे कुणी खोडा घातला.

"तुझं काही चुकलं नाही, आई," रेणुका म्हणाली. "खोडा कुणी घातला नाही. यंत्रच तसं आहे."

"तरी बी, कुणीतरी केलंच आसंल की. कोन हाय त्यो?"

वृषाली दारात उभी होती. कुकरची पहिली शिट्टी झाली. रेणुकानं आईला जेवलीस का म्हणून विचारलं, गोळी घेतलीस का म्हणून विचारलं, रविवारी येते म्हणाली. ताराबाईंनी पुन्हा एकदा विचारलं, पण तिनं वृषालीचं नाव घेतलं नाही.